तिकिटावरचे ५७ टक्के

काल जुनं पाकीट आवरताना रेल्वेचं एक तिकीट सापडलं. त्यावर छापलंय की प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच वसूल होतात. म्हणजे बाकीचे ४३ टक्के आपण फुकट खातो, असा सूर. हे वाचलं की माझं डोकं फिरतं.

१८५३ला बोरीबंदर-ठाणे गाडी धावली ती ग्रेट इंडियन पेनिन्सुला या इंग्रजी कंपनीची. करारच असा होता की भांडवलावर ५ टक्के परतावा पक्का. कमाई कमी पडली तर फरक हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे आपल्या पणजोबांच्या शेतसाऱ्यातून. आणि प्रवासी उत्पन्नातला मोठा वाटा कुणाचा? तिसऱ्या वर्गाचा! मेंढरांसारख्या कोंबलेल्या माणसांचा. गांधीजींनी १९१७ला त्या डब्यांबद्दल लिहिलंय. हा वर्ग कागदावरून गेला १९७४ला. शयनयानाच्या लाकडी फळ्यांवर गादी आली ती आपले मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना, १९७७ नंतर.

आता दुसरी बाजूही सांगतो. भाडं कमीच आहे, आणि प्रवासी गाड्यांचा खड्डा मालगाड्यांच्या कमाईने बुजतो. २०१२ला दिनेश त्रिवेदींनी साध्या दुसऱ्या वर्गाला किलोमीटरमागे २ पैसे वाढवले, तर त्यांच्याच पक्षाने त्यांना खुर्चीवरून उतरवलं. नवे मंत्री मुकुल रॉय यांनी ती वाढ मागे घेतली. २ पैसे हो! पण कोळशाच्या वाहतुकीचं चढं भाडं शेवटी वीजबिलातून आपल्याच घरी येतं, ते तिकिटावर कोण छापणार?

१९२४ पासून रेल्वेचा वेगळा अर्थसंकल्प होता. आम्ही पत्रकार त्या दिवशी टीव्हीसमोर बसायचो, आपल्या स्टेशनाचं नाव येतंय का बघत. २०१७ला तो मुख्य अर्थसंकल्पात मिसळला आणि तो दिवसच संपला.

मग कोरोना. पॅसेंजर बंद झाल्या, नंतर ‘स्पेशल’ म्हणून सुरू झाल्या, किमान भाडं १० चं ३० रुपये. गाडी तीच, थांबे तेच. ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० ला थांबली. १० रुपये परत आले थेट फेब्रुवारी २०२४ला.

आमच्याकडे सकाळच्या पॅसेंजरने भाजीवाल्या तालुक्याच्या बाजाराला जायच्या. ३० रुपये झाल्यावर काही जणी टमटम धरू लागल्या, काहींनी बाजारच सोडला. भाडं पुन्हा १० झालंय, पण बाजार सोडलेल्यांपैकी एकही अजून फलाटावर दिसलेली नाही.