अमेरिकेंतील हायस्कूल आणि धंदेशिक्षण

एखादा मुलगा शाळा अर्धवट सोडून गेला, म्हणजे त्याचें कारण आपण बहुधा त्याच्या घरांत शोधितों. दारिद्र्य, आईबापांची अनास्था, किंवा मुलाची मंद बुद्धि, ह्यांपैकीं कांहींतरी हातीं लागलें कीं आपलें समाधान होतें. दोष शाळेंतच असेल, अशी शंका क्वचितच कोणास येते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ही शंका शंभरांहून अधिक वर्षांपूर्वीं कांहीं विचारी मंडळींना आली, आणि तींतून हायस्कुलांतील धंदेशिक्षणाच्या चळवळीस जोर चढला. त्या चळवळीचा इतिहास आपल्याकडील पालकांनींही लक्षांत घ्यावा असा आहे.

१८७६ सालीं अमेरिकन स्वातंत्र्याच्या शताब्दीनिमित्त फिलाडेल्फिया येथें मोठें प्रदर्शन भरलें. त्यांत मॉस्कोच्या इंपीरियल टेक्निकल स्कूलनें आपल्या विद्यार्थ्यांचें काम मांडलें होतें. त्या शाळेचे चालक व्हिक्टर देला-व्होस ह्यांची पद्धति अशी कीं, मुलानें उस्तादाच्या हाताखालीं वर्षानुवर्षें उमेदवारी करण्याऐवजीं धंद्यांतील कापणें, तासणें, सांधणें इत्यादि क्रिया निरनिराळ्या कराव्या, आणि सोप्याकडून अवघडाकडे अशा क्रमानें त्या वर्गांत शिकवाव्या. अंकगणितांत बेरीज आल्यावर गुणाकार शिकवावा, तसाच हा प्रकार. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे अध्यक्ष जॉन रंकल ह्यांस ही पद्धति इतकी पटली कीं, त्याच वर्षीं त्यांनीं आपल्या संस्थेंत तसे वर्ग सुरू केले.

सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठांतील गणिताचे प्राध्यापक कॅल्व्हिन वुडवर्ड हे ह्याच निर्णयास निराळ्या अनुभवानें येऊन पोहोंचले होते. यंत्रशास्त्राचीं तत्त्वें डोळ्यांना दिसावीं म्हणून त्यांनीं आपल्या विद्यार्थ्यांस लांकडी नमुने करावयास सांगितले. परंतु समीकरणें सोडविणाऱ्या त्या तरुणांस साधीं हत्यारें नीट धरतां येईनात. १८८० सालीं वुडवर्ड ह्यांची ‘मॅन्युअल ट्रेनिंग स्कूल’ ही शाळा उघडली. चवदा वर्षांच्या पुढील मुलांसाठीं तींत तीन वर्षांचा अभ्यासक्रम होता. गणित, शास्त्र, भाषा व रेखनकला ह्यांच्या जोडीला रोज सुमारें दोन तास शाळेच्याच कारखान्यांत काम असे. मुलांना सुतार किंवा लोहार करून सोडणें हा तिचा हेतु नव्हता. हात आणि बुद्धि एकमेकांस साहाय्य करितात, ह्या श्रद्धेवर ती उभारलेली होती. म्हणून पुस्तक आणि रंधा हीं दोन्हीं प्रत्येक मुलाच्या वांट्यास येत.

पुढें १९०६ सालीं मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील एका चौकशी-मंडळाचा अहवाल बाहेर पडला. चवदा ते सोळा वर्षांच्या वयाचीं सुमारें २५,००० मुलें तेथें शाळेबाहेर असल्याचें त्यांत आढळलें. बहुतेक मुलें कसबाचें असें कांहीं नसलेल्या कामांत गुंतलेलीं होतीं. विशेष हें कीं, पुष्कळ मुलांनीं शाळा सोडली ती केवळ गरिबीमुळें नव्हे. शाळेंतील शिक्षणांत आपल्या उपयोगाचें कांहीं नाहीं, असें त्यांस व त्यांच्या पालकांस वाटत होतें. त्या काळीं साऱ्या देशांत सतरा वर्षांच्या वयाच्या शंभर मुलांमागें हायस्कूल पुरें करणारीं जेमतेम नऊ होतीं, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ह्या निष्कर्षाचें गांभीर्य कळतें.

रोगाचें निदान झालें. पण औषधाविषयीं मतभेद पडला. मॅसॅच्युसेट्सचे शिक्षणाधिकारी डेव्हिड स्नेडन ह्यांचें म्हणणें, धंदेशिक्षणाची व्यवस्था स्वतंत्र असावी आणि उद्योगाच्या गरजेप्रमाणें कामगार तयार व्हावे. तत्त्वज्ञ जॉन ड्यूई ह्यांनीं १९१५ सालीं ह्यास उघड विरोध केला. अशा वांटणीनें मुलाचें भवितव्य लहानपणींच ठरून जाईल, असें त्यांस भय वाटत होतें. अखेर व्यवहारांत स्नेडन ह्यांचा पक्ष वरचढ ठरला. १९१७ सालीं अध्यक्ष विल्सन ह्यांच्या सहीनें स्मिथ-ह्यूज कायदा झाला, आणि शेतकी, उद्योगधंदे व गृहशास्त्र शिकविण्यासाठीं मध्यवर्ती सरकारचा पैसा मिळूं लागला. परंतु त्याबरोबर पैसा निराळा, शिक्षक निराळे, वर्गही निराळे झाले. एकाच छपराखालीं दोन शाळा नांदूं लागल्या. दुसरींत कोण गेलें? गरिबांचीं, परदेशांतून नव्यानें आलेल्यांचीं आणि कृष्णवर्णीयांचीं मुलें फार मोठ्या प्रमाणांत तिकडे लोटलीं गेलीं. वुडवर्ड ह्यांच्या शाळेंत जें सर्वांचें होतें, तें आतां इतरांसाठीं राखून ठेवलेलें झालें.

ही चूक दुरुस्त करावयास फार काळ लागला. १९६९ सालीं फिलाडेल्फिया येथील एका हायस्कुलांत विजेच्या कामाभोंवतीं भाषा, गणित व शास्त्र गुंफणारा एक छोटा विभाग निघाला, आणि त्याचें अनुकरण इतरत्र झालें. १९९० च्या कायद्यानें पुस्तकी व धंदेविषयक शिक्षणाची सांगड घालण्यास उत्तेजन दिलें. २००६ सालीं कायद्यांतील जुनें नांवही बदलून ‘करिअर आणि तंत्रशिक्षण’ असें करण्यांत आलें. ह्या विभागांतील विद्यार्थ्यांचा वर्षानुवर्षें मागोवा घेणारी एक पहाणी २००८ सालीं पुरी झाली. शाळा सुटल्यावरच्या आठ वर्षांत त्यांची मिळकत इतरांहून सरासरी ११ टक्क्यांनीं अधिक भरली. मात्र हायस्कूल पुरें करण्याच्या बाबतींत फरक आढळला नाहीं. उलटपक्षीं कनेक्टिकट संस्थानांतील तांत्रिक हायस्कुलांच्या अभ्यासांत, तेथें जाणाऱ्या मुलग्यांमध्यें शाळा पुरी करणाऱ्यांचें प्रमाण शेंकडा सुमारें दहांनीं वाढलेलें दिसलें. मुलींमध्यें तसें दिसलें नाहीं. तेव्हां हत्यार हातीं दिलें कीं मुलगा शाळेंत टिकलाच, असा भोळा समज कोणीं करून घेऊं नये. तें हत्यार कोणत्या शिक्षणाच्या संगतीनें दिलें जातें, ह्यावर पुष्कळ अवलंबून आहे.

आमच्याकडेही हा प्रश्न नवा नाहीं. १८८२ च्या हंटर आयोगानें हायस्कुलांत दोन शाखा सुचविल्या: एक विद्यापीठाकडे नेणारी, दुसरी व्यवहाराकडे. मॅट्रिकच्या मोहापुढें दुसरी कधीं वाढलीच नाहीं. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगानें बहूद्देशीय विद्यालयांचा पुरस्कार केला. त्या आयोगांत एक अमेरिकन सभासदही होते. तरी तो प्रयोगही रुजला नाहीं. ह्यांत पैशाचा व शिक्षकांचा तुटवडा होता, हें खरें. पण आमच्या मनांतील पंक्तिभेद त्याहून लहान नव्हता. धंदेशिक्षण उत्तम, असें आम्ही सभेंत म्हणतों, आणि घरीं येऊन तें शेजाऱ्याच्या नापास झालेल्या मुलास सुचवितों. पहिल्या नंबरानें पास होणाऱ्या आपल्या मुलालाही आठवड्यांतून कांहीं तास रंध्यापाशीं उभें करण्याची आमची तयारी आहे काय? ह्या प्रश्नाचें उत्तर कोणत्याही आयोगाकडे नसून वाचकांच्याच घरांत आहे.