वेगळा पेला

अमेरिकेतल्या कोकोमो गावचा रायन व्हाइट, वय वर्षे १३. हिमोफिलियासाठी घेतलेल्या रक्तघटकांतून त्याला एचआयव्हीची बाधा झाली आणि १९८५ साली शाळेने त्याला प्रवेश नाकारला. पुढे शाळेत घेतले, ते वेगळे स्वच्छतागृह अन् वापरून फेकायचे चमचे या अटींवर! लाळेतून लागण होत नाही, हे तेव्हाही डॉक्टर सांगतच होते. लाळेत विषाणू अत्यल्प असतो, शिवाय लाळ त्याला निष्प्रभ करते.

गंमत म्हणजे २०१२ साली तिथेच हिरड्यांवर काडी फिरवून घरच्या घरी करायची चाचणी मंजूर झाली. ती शोधते प्रतिपिंडे, विषाणू नव्हे.

नव्वदच्या दशकात नुसत्या संशयावरून आमच्या शाळेतल्या शिपाईमामांचा पेला वेगळा ठेवला होता. मी इतिहास शिकवायचे... आणि गप्प बसले होते.