हाताने दिलेला श्वास: कोपनहेगन १९५२, पुणे २०२०

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा पुण्यातील नोक्का रोबोटिक्स ही छोटी कंपनी सौर पॅनेल पाण्याविना पुसणारे रोबो बनवत होती. निखिल कुरेले आणि हर्षित राठोर हे तिचे संस्थापक आयआयटी कानपूरमध्ये शिकलेले तरुण अभियंते. रुग्णालयांत व्हेंटिलेटरांचा तुटवडा पडणार हे दिसताच त्यांनी हातातले काम बाजूला ठेवले. त्यांच्यापुढचा प्रश्न मात्र नवा नव्हता.

ऑगस्ट १९५२. कोपनहेगनच्या ब्लेगडाम रुग्णालयात पोलिओचे रुग्ण लोटू लागले. श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्यांसाठी तेथे एक लोखंडी फुप्फुस आणि छातीवर बसवायची सहा कवचे, एवढीच सामग्री होती. अशा पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ जण दगावले. त्यांच्या रक्तात बायकार्बोनेट वाढलेले आढळे. डॉक्टरांनी त्याचा अर्थ रक्त अल्कधर्मी झाले असा लावला. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी तो उलटा असल्याचे ओळखले. रुग्णांचा श्वास अपुरा पडत होता आणि रक्तात कार्बन डायऑक्साइड साचत होता. २७ ऑगस्टला बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेला छेद देऊन नळी बसवण्यात आली आणि त्यांनी रबरी पिशवी दाबून हवा भरली. मुलगी वाचली.

मग वैद्यकीय विद्यार्थ्यांना पाचारण झाले. सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, महिनोन् महिने, हातांनी पिशव्या दाबल्या. पिशवी दाबणाऱ्याला फुप्फुसाचा ताठरपणा बोटांत जाणवतो. कफ अडकला की पिशवी जड लागते. रक्ताची आम्लता मोजण्याचे काम प्रयोगशाळेचे प्रमुख पॉल ॲस्ट्रप यांच्याकडे आले आणि पुढे रेडिओमीटर कंपनीच्या साहाय्याने त्यांनी त्यासाठीची उपकरणे विकसित केली. शेजारच्या स्वीडनमध्ये डॉक्टर कार्ल-गुन्नर एंगस्ट्रॉम यांचे श्वसनयंत्र १९५३ च्या साथीत कामी आले. रुग्णशय्येजवळ राबलेला वैद्य यंत्रकार होतो तो असा.

पुण्यात प्रवास उलट दिशेने झाला: अभियंत्यांना रुग्णशय्येपाशी जावे लागले. त्या वर्षी जगभर अनेक गटांनी ॲम्बू बॅग दाबणारी साधी यंत्रे बनवली. कल्पना आकर्षक, पण ती बॅगेला हात देते, बोटांची जाण देत नाही. कोविडने ताठरलेल्या फुप्फुसात दाब जास्त झाला तर वायुकोश फाटतात. श्वास सोडताना थोडा दाब उरला नाही तर ते मिटतात. म्हणून प्रत्येक श्वासाचा दाब आणि प्रवाह संवेदकांनी मोजावा लागतो. आयआयटी कानपूरने जमवलेल्या कृतिगटात उद्योजकांबरोबर बंगळूरचे हृदयरोगतज्ज्ञ दीपक पद्मनाभन होते. जे डॉक्टर रोज व्हेंटिलेटर हाताळतात, त्यांच्याकडूनच ही जाण आकड्यांत उतरवून घेता आली. आयात खोळंबलेली असताना सुमारे ९० दिवसांत अतिदक्षता विभागात चालणारा ‘व्ही ३१०’ उभा राहिला.

साथ ओसरल्यावर रोबोंकडे परतणे शक्य होते. कंपनी, आता नोकार्क या नावाने, व्हेंटिलेटरच बनवत राहिली.