टपाची जुनी गाडी घेताना पाणी कुठे मुरते ते पाहा

व्यवहारात काही काळेबेरे असल्याचा संशय आला की ‘कुठेतरी पाणी मुरते आहे’ असे मराठी माणूस म्हणतो. उघडझाप करता येणाऱ्या कापडी टपाची जुनी मोटार विकत घेताना हा वाक्प्रचार अक्षरशः खरा ठरतो. अशा गाडीचे इंजिन क्वचितच दगा देते; दगा देते ते पत्र्यात मुरलेले पाणी. ब्रिटनमध्ये वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात वर्षानुवर्षे लोकप्रिय असलेली माझदा एमएक्स-५ हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

गाडीची ओळख

फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ही दोन आसनी गाडी प्रथम लोकांसमोर आली. अमेरिकेत ती ‘मिआटा’, तर जपानमध्ये ‘युनोस रोडस्टर’ या नावाने विकली गेली. ब्रिटनमध्ये तिची विक्री १९९० मध्ये सुरू झाली. उघडमीट होणारे दिवे असलेली पहिली पिढी १९९७ पर्यंत तयार होत होती व तिच्या चार लाखांहून अधिक गाड्या बनल्या. पुढील पिढ्यांसह एकूण उत्पादनाने २०१६ मध्ये दहा लाखांचा टप्पा ओलांडला. वजन एक टनापेक्षा कमी, इंजिन पुढे आणि गती मागील चाकांना, अशी तिची साधी रचना आहे. आज पहिल्या पिढीतील सर्वांत नवी गाडीही पंचवीस वर्षांहून जुनी आहे. त्यामुळे ती किती चालली यापेक्षा ती कशी ठेवली गेली, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

गंजाचे मूळ

टपावर पडणारे पावसाचे पाणी आसनांच्या मागे दोन्ही बाजूंना असलेल्या नळ्यांतून खाली उतरते आणि मागील चाकाच्या पुढे गाडीबाहेर पडते. पालापाचोळा व धूळ साचून या नळ्या तुंबतात. मग पाण्याला वाट राहत नाही. ते दाराखालच्या लांबट, पोकळ पत्र्याच्या भागात, म्हणजे सिलमध्ये साचते आणि पत्रा आतून कुजू लागतो. हिवाळ्यात ब्रिटनच्या रस्त्यांवर बर्फ वितळविण्यासाठी मीठ टाकतात, ते बाहेरून हेच काम करते.

हा दोष केवळ दिसण्यापुरता नाही. पक्के छत असलेल्या गाडीत छतही सांगाड्याला बळकटी देते. टपाच्या गाडीत तो सारा भार तळाचा पत्रा व सिल यांवर येतो. सिल पोखरलेली गाडी अपघाताच्या वेळी प्रवाशांचे पुरेसे रक्षण करू शकत नाही. ब्रिटनमधील ‘एमओटी’ या वार्षिक तपासणीत सीटबेल्ट व सस्पेन्शन जेथे जोडलेले असतात, त्या जागेपासून ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा गंजून कमकुवत झालेला आढळल्यास गाडी नापास होते. तेथील कुजलेला पत्रा कापून नवा जोडणे हे वेळखाऊ आणि खर्चिक काम आहे.

तपासणी कशी करावी?

गाडी शक्यतो दिवसाच्या उजेडात व कोरडी असताना पाहावी. नुकतीच धुतलेली गाडी अनेक दोष झाकते. मागील चाकाच्या लगेच पुढचा, सिलचा शेवटचा भाग बोटांनी चाचपावा. रंग फुगला असल्यास आत गंज आहे असे समजावे. कापडात गुंडाळलेले लोहचुंबक त्या जागी फिरवावे. ते चिकटत नसेल तर पत्र्याच्या जागी पुट्टी भरून वरून रंग दिला आहे, हे उघड होते. गाडी उचलून खालून पाहण्याची मुभा मागावी. ती नाकारली गेल्यास व्यवहार तेथेच थांबविणे शहाणपणाचे.

त्यानंतर आसनांमागचा गालिचा हाताने दाबून पाहावा. तो ओला किंवा कुबट वासाचा असेल तर नळ्या तुंबल्या आहेत किंवा टप गळतो आहे. विक्रेत्याच्या संमतीने नळीच्या तोंडाशी थोडे पाणी ओतावे. ते मागील चाकाजवळ लगेच बाहेर पडले पाहिजे. या गाडीची बॅटरी डिकीत असते. चुकीच्या प्रकारची बॅटरी बसविली असल्यास तिच्यातील आम्लाने डिकीचा तळ खाल्लेला असू शकतो, म्हणून तेथील गालिचाही उचलून पाहावा.

टप स्वतः उघडून व मिटून पाहावा. पहिल्या पिढीच्या मूळ टपाची मागील खिडकी प्लॅस्टिकची असून ती चेनने उघडते. टप खाली करण्याआधी ही चेन उघडावी लागते. तसे न केल्यास प्लॅस्टिकला घड्या पडून ते तडकते. विक्रेता टप कसा हाताळतो, यावरून त्याने गाडी कशी वापरली असेल याचा अंदाज येतो.

इंजिन तुलनेने निर्धास्त

सुरुवातीच्या १.६ लिटर इंजिनाची शक्ती सुमारे ११५ अश्वशक्ती होती. पुढे १.८ लिटरचे इंजिन आले. १९९५ पासून युरोपात विकलेल्या १.६ लिटर गाड्यांची शक्ती मात्र ९० अश्वशक्तीपर्यंत कमी करण्यात आली होती. त्यामुळे केवळ ‘१.६’ हा आकडा पाहून किंमत ठरवू नये.

थंड इंजिन सुरू करताना टॅपेटचा टकटक आवाज येणे नेहमीचे आहे. इंजिन तापल्यावर तो थांबला पाहिजे. टायमिंग बेल्ट साधारण एक लाख किलोमीटरनंतर बदलावा लागतो, त्याची पावती मागावी. १९९१ पर्यंतच्या काही इंजिनांत क्रँकच्या पुढच्या टोकाची पुली सैल होण्याचा दोष आढळतो. इंजिन चालू असताना ती डुगडुगत असेल तर गाडी घेऊ नये. रेडिएटरचा वरचा प्लॅस्टिकचा भाग तपकिरी पडला असल्यास तो लवकरच बदलावा लागेल, असे गृहीत धरावे.

कागदपत्रे व जपानी गाड्या

इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्समधील गाड्यांच्या २००५ नंतरच्या एमओटी तपासण्यांची नोंद सरकारी संकेतस्थळावर केवळ नंबर टाकून विनामूल्य पाहता येते. दर वर्षीचे रीडिंग, नापास होण्याची कारणे आणि गंजाविषयीचे शेरे त्यात असतात. सिल गंजल्याचा शेरा एका वर्षी असेल आणि पुढील वर्षी नाहीसा झाला असेल, तर दुरुस्ती कोणी व कशी केली हे विचारावे. ‘व्ही५सी’ हे नोंदणीपत्र मालकीचा पुरावा नसते. त्यामुळे खरेदीची पावती पाहावी व गाडीवर कर्ज बाकी नाही याची खात्री करावी.

ब्रिटनच्या बाजारात जपानहून आलेल्या ‘युनोस’ही बऱ्याच आढळतात. दोन्ही देशांत स्टिअरिंग उजव्या बाजूला असल्याने ही आयात सोपी ठरली. जपानमध्ये मिठाशी कमी संबंध आलेल्या गाड्यांचा पत्रा अनेकदा अधिक चांगला असतो. मात्र त्यांचे मूळ रीडिंग किलोमीटरमध्ये असते. मीटर बदलला असल्यास मैल व किलोमीटर यांची गल्लत होते, हे लक्षात ठेवावे.

व्यापाऱ्याकडून घेतलेल्या गाडीला २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याचे संरक्षण मिळते. खासगी व्यक्तीकडून घेताना मात्र पारख करण्याची जबाबदारी बव्हंशी ग्राहकाचीच असते.

तेथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी कोणी ही गाडी पुढे मायदेशी आणण्याचा बेत करीत असेल, तर आधी नियम पाहावेत. तीन वर्षांहून जुनी वापरलेली मोटार भारतात आणण्यास आयात नियमांनुसार सर्वसाधारणपणे परवानगी नाही. ही गाडी जेथे घ्यावी, तेथेच चालवावी. घेतल्यावर वर्षातून दोनदा टपाच्या नळ्या साफ करणे हा तिचे आयुष्य वाढविण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.