मूर विरुद्ध हार्पर (२०२३)

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा २७ जून २०२३ चा निवाडा. केंद्रीय प्रतिनिधिगृहाच्या मतदारसंघांचे नकाशे आखताना घटकराज्याचे विधिमंडळ त्या राज्याच्या घटनेला आणि न्यायालयांना बांधील असते की नाही, हा त्यातील वाद. बांधील असते, असा निकाल सहा विरुद्ध तीन मतांनी लागला.

भारतात मतदारसंघांच्या सीमा परिसीमन आयोग ठरवतो. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत ते काम विधिमंडळच करते, त्यामुळे ज्याचे बहुमत त्याचा नकाशा. विरोधकांचे मतदार मोजक्या मतदारसंघांत कोंबायचे आणि उरलेले असे विखरायचे की ते कुठेच जिंकू नयेत, या जुन्या तंत्राला ‘जेरीमँडरिंग’ म्हणतात. नॉर्थ कॅरोलायनात तर राज्यपालाला नकाशावर नकाराधिकारही नाही. तेथील रिपब्लिकन आमदार डेव्हिड लुईस २०१६ मध्ये समितीपुढे उघडच म्हणाले होते, की १३ पैकी १० जागा पक्षाला देणारा नकाशा सुचवतो आहे, कारण ११ देणारा आखता येईलसे वाटत नाही. इतका रोकठोक कबुलीजबाब हाती असूनही सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये (रुचो विरुद्ध कॉमन कॉज) पक्षीय हेतूने आखलेल्या सीमांचा प्रश्न केंद्रीय न्यायालयांच्या कक्षेबाहेरचा ठरवला. राज्यांच्या घटना मात्र उपयोगी पडू शकतील, असे त्याच निकालात सुचवले होते.

नॉर्थ कॅरोलायनातील मतदारांनी तोच मार्ग धरला. २०२० च्या जनगणनेनंतर राज्याला चौदावी जागा मिळाली आणि २०२१ मध्ये रिपब्लिकन बहुमताने नवा नकाशा संमत केला. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्याच घटनेच्या आधारे तो चार विरुद्ध तीन मतांनी रद्द केला. न्यायालयाच्या देखरेखीखाली आखलेल्या नकाशावर त्या वर्षीची निवडणूक झाली आणि दोन्ही पक्षांना सात-सात जागा मिळाल्या.

राज्याच्या कनिष्ठ सभागृहाचे अध्यक्ष टिमथी मूर आणि सहकारी केंद्रीय सर्वोच्च न्यायालयात गेले. संघराज्याच्या घटनेतील पहिल्या अनुच्छेदाचे चौथे कलम या निवडणुकांची वेळ, स्थळ आणि रीत ठरवण्याचे काम ‘विधिमंडळा’वर सोपवते, तेव्हा राज्याच्या न्यायालयांना त्यात हात घालता येत नाही, असा त्यांचा दावा होता. तो मान्य झाला असता, तर राज्यघटनांतील मताधिकाराच्या तरतुदी या निवडणुकांपुरत्या कागदावरच राहिल्या असत्या. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी बहुमताच्या वतीने तो फेटाळला. मात्र राज्यांच्या न्यायालयांनी न्यायिक पुनर्विलोकनाची सर्वसाधारण मर्यादा ओलांडू नये, असेही बजावले. ही मर्यादा नेमकी कुठे, हे त्यांनी सांगितले नाही. निवाड्यातील ही मोठी उणीव. क्लॅरन्स थॉमस, नील गोर्सच आणि सॅम्युएल अलिटो यांचे मत विरोधात होते. वाद आता उरलेलाच नाही, हा थॉमस यांचा मुख्य मुद्दा.

या मुद्द्यात तथ्य होते. नॉर्थ कॅरोलायनात न्यायाधीशही पक्षाच्या नावावर निवडून येतात. नोव्हेंबर २०२२ च्या निवडणुकीमुळे तेथील सर्वोच्च न्यायालयात रिपब्लिकनांचे बहुमत झाले आणि एप्रिल २०२३ मध्ये, म्हणजे हा निवाडा येण्यापूर्वीच, त्या न्यायालयाने आपला जुना निकाल फिरवला. तत्त्वावर हरलेल्या विधिमंडळाची नकाशाची वाट अशी आधीच मोकळी झाली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याने नवा नकाशा आखला. २०२४ च्या निवडणुकीत रिपब्लिकनांना १० आणि डेमोक्रॅटांना ४ जागा मिळाल्या. निवडून आलेल्या त्या दहांत टिमथी मूरही होते.