रडणारं बाळ आणि गप्प करणारी बाटली

"डॉक्टर, बाळ रात्रभर रडतं. काहीतरी द्या ना, म्हणजे शांत झोपेल." तान्ह्या बाळाचे आई-वडील दवाखान्यात आले की हा प्रश्न हमखास येतो. आजीने जायफळ सुचवलेलं असतं, शेजारणीने ग्राईप वॉटर आणि कुणीतरी सर्दीचं झोप आणणारं सिरप. या "काहीतरी द्या"ला मोठा इतिहास आहे. तो कळला, तर औषध टाळा असं डॉक्टर का सांगतात हे समजायला सोपं जाईल.

अफूची गोळी: वाक्प्रचार नव्हे, वस्तुस्थिती

"अफूची गोळी देणे" हे आपण आज चेष्टेत म्हणतो. पण एकेकाळी ती खरोखर दिली जायची, आणि तीही तान्ह्या बाळांना.

इंग्लंडमध्ये अठराव्या शतकापासून 'गॉडफ्रेज कॉर्डियल' नावाचं औषध घरोघरी होतं. काकवीसारख्या गोड पाकात अफू घातलेली असे. औद्योगिक क्रांतीनंतर कापड आणि लेसच्या धंद्यात हजारो बायका काम करू लागल्या. १८४३ साली बालकामगारांच्या चौकशीसाठी नेमलेल्या सरकारी आयोगाचा अहवाल आला. त्यात नॉटिंगहॅमच्या लेस कामगार बायकांच्या जबान्या आहेत. बाळाला सांभाळत बसलं तर काम होत नाही आणि काम झालं नाही तर खायला मिळत नाही, म्हणून बाळाला गॉडफ्रे पाजायचं, असं त्यांनी सांगितलं. त्यांचं बाळावर प्रेम नव्हतं असं नाही. त्यांच्याकडे वेळ नव्हता.

या औषधाचा धोका दुहेरी होता. अफूमुळे मेंदूतलं श्वासाचं केंद्र मंदावतं. तान्ह्या बाळात हा परिणाम फार कमी मात्रेतही होतो. त्यात प्रत्येक दुकानदाराचं मिश्रण वेगळं, आणि बाटली न हलवता ओतली तर अफू तळाशी साचून शेवटचे चमचे जास्त कडक होत. दुसरा धोका सावकाश घडे. सतत गुंगीत असलेलं बाळ भूक लागली तरी उठत नाही, रडत नाही, दूध मागत नाही. ते हळूहळू सुकत जातं. अशा मृत्यूची नोंद 'अशक्तपणा' म्हणून व्हायची आणि अफूचं नाव कुठेच येत नसे.

अमेरिकेत १८४९ पासून 'मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप' विकलं जाऊ लागलं. दात येतानाच्या त्रासावर उपाय म्हणून त्याची जाहिरात होई आणि जाहिरातीत प्रेमळ आई व गुबगुबीत बाळ असे. आत मॉर्फिन होतं. १९०६ साली तिथे शुद्ध अन्न व औषध कायदा आला आणि अशी द्रव्यं लेबलवर लिहिणं बंधनकारक झालं. १९११ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने अशा औषधांना थेट 'बालघातकी' म्हटलं.

मुंबईच्या गिरण्यांतली बाळागोळी

ही गोष्ट फक्त परदेशातली नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांत काम करणाऱ्या बायका कामावर जाण्याआधी बाळाला अफू असलेली 'बाळागोळी' देत. १९२० च्या दशकात गिरणीतल्या स्त्री-कामगारांच्या परिस्थितीची पाहणी झाली, तेव्हा ही पद्धत किती सर्रास आहे हे पुढे आलं. चाळीतली एक खोली, दहा-दहा तासांची पाळी, घरी सांभाळायला कुणी नाही. नॉटिंगहॅमची तीच अडचण लालबाग-परळमध्ये होती आणि उपायही तोच निघाला होता.

यावर खरा उतारा दुसऱ्या औषधात नव्हता. आईला बाळंतपणाची पगारी रजा मिळायला हवी, या मागणीत तो होता. कामगार नेते ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात तसं विधेयक आणलं. ते मंजूर झालं नाही. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात हा विषय आला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला जोरदार पाठिंबा दिला. १९२९ साली मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा झाला. देशव्यापी कायदा १९६१ चा, आणि २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली. माझ्या मते बालआरोग्याच्या इतिहासात या कायद्याचं स्थान एखाद्या लशीइतकंच मोठं आहे. पण शेतात, वीटभट्टीवर, घरकामावर जाणाऱ्या बहुतेक आयांपर्यंत ही रजा आजही पोहोचलेली नाही, हेही विसरता येत नाही.

ग्राईप वॉटर: तापाच्या औषधातून आलेलं

ज्या नॉटिंगहॅममध्ये बाळांना गॉडफ्रे पाजलं जात होतं, त्याच शहरातल्या विल्यम वुडवर्ड या औषधविक्रेत्याने १८५१ मध्ये ग्राईप वॉटर बाजारात आणलं. पूर्व इंग्लंडच्या दलदलीच्या भागात मुलांना हिवताप व्हायचा. त्यासाठी दिलं जाणारं एक मिश्रण बाळांच्या पोटदुखीलाही शांत करतं, असं दिसलं होतं. वुडवर्डचं औषध त्यावरून तयार झालं. त्यात बडीशेपेसारख्या वासाच्या शेपूच्या बियांचं तेल, खाण्याचा सोडा, साखर, पाणी आणि अल्कोहोल होतं.

अल्कोहोलचं प्रमाण सुमारे ३.६ टक्के, म्हणजे जवळपास सौम्य बिअरइतकं. बाळ शांत का व्हायचं याचं उत्तर यात बरंचसं मिळतं. दुसरा वाटा साखरेचा. गोड चवीने नवजात बाळ थोडा वेळ शांत होतं, हे पुढे अभ्यासांतूनही दिसलं. ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यातलं अल्कोहोल काढलं गेलं. तरीही अफूच्या तुलनेत ग्राईप वॉटर हे मोठंच सुधारलेलं पाऊल होतं, हे मान्य करायला हवं. आज आपल्याकडे मिळणारी ग्राईप वॉटर अल्कोहोलविरहित असतात. पण त्यांनी पोटदुखी थांबते असा भक्कम पुरावा नाही.

मग बाळ रडतं कशाने?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही पाश्चात्त्य तज्ज्ञांनी औषधाऐवजी शिस्तीचा मार्ग सांगितला. न्यूझीलंडचे डॉ. ट्रूबी किंग यांनी घड्याळ लावून दर चार तासांनी दूध पाजायला सांगितलं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांनी १९२८ च्या पुस्तकात मुलांना मिठी मारू नका, मांडीवर घेऊ नका, असाच सल्ला दिला. भुकेलं बाळ रडत राहिलं आणि आई घड्याळाकडे बघत राहिली.

मग डॉक्टरांनी रडणं मोजायला सुरुवात केली. १९५४ मध्ये डॉ. वेसेल यांनी 'कॉलिक'ची व्याख्या केली: एरवी तंदुरुस्त बाळ दिवसात ३ तासांहून जास्त, आठवड्यात ३ दिवसांहून जास्त, असं ३ आठवड्यांहून अधिक काळ रडतं. १९६२ मध्ये डॉ. ब्रेझल्टन यांनी ८० निरोगी बाळांच्या आयांकडून रोजनिशी लिहून घेतली. रडणं वाढत वाढत सहाव्या आठवड्याला सुमारे पावणेतीन तासांपर्यंत पोहोचतं आणि मग आपोआप उतरतं, असं दिसलं. बहुतेक बाळांत तीन-चार महिन्यांत हा त्रास संपतो. म्हणूनच त्या सुमारास दिलेलं कोणतंही औषध 'गुणकारी' ठरतं. बाळ बरं होणारच असतं, श्रेय बाटलीला जातं.

१९८६ मध्ये माँट्रियलच्या एका अभ्यासात बाळांना रोज काही तास जास्त कडेवर घेतलं गेलं. सहाव्या आठवड्यात त्यांचं रडणं सुमारे ४३ टक्क्यांनी कमी होतं. ज्याला कॉलिक म्हणतात, त्या तीव्र रडण्यात मात्र पुढे इतका फरक दिसला नाही. तरीही बाळ उचलल्याने बिघडतं ही भीती अनाठायी आहे. आपल्या आज्या हे आधीपासूनच करत आल्या आहेत.

आज घरी काय करावं

- पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, मागेल तेव्हा. वरचं पाणी, गुटी, ग्राईप वॉटर नको.
- मध चाटवू नका. मधातून बाळांना बॉट्युलिझम हा लकवा आणणारा आजार होऊ शकतो, हे १९७६ नंतर लक्षात आलं. एक वर्षापर्यंत मध वर्ज्य.
- जायफळाने बाळ गुंगीत जाऊ शकतं. सर्दीची सिरपही झोपवण्यासाठी देऊ नका.
- दूध पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढा. कुशीत घ्या, डोलवा, गुणगुणा, अंधुक उजेडात फिरवा.
- खूप वैताग आला तर बाळाला पाळण्यात सुरक्षित ठेवून दहा मिनिटं दुसऱ्याला बघायला सांगा. बाळाला कधीही गदागदा हलवू नका. मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

लगेच डॉक्टरांकडे जा, जर:

- तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त ताप असेल
- उलटी हिरवी असेल किंवा शीत रक्त दिसेल
- बाळ दूध ओढत नसेल, मलूल पडलं असेल, लघवी कमी झाली असेल
- टाळू फुगली असेल किंवा जांघेत कडक गाठ दिसत असेल
- रडण्याचा आवाज अचानक क्षीण किंवा कर्कश झाला असेल

एरवी निरोगी, वजन वाढत असलेलं बाळ संध्याकाळी रडत असेल, तर त्याला औषधाची गरज नाही. गरज असते ती आईला दोन तास झोपू देणाऱ्या माणसाची. घरातल्या बाबांनी, आजोबांनी, मावशीने एकेक पाळी घेतली, तर गप्प करणाऱ्या बाटलीची आठवणही येणार नाही.