कोळसा-पाणी स्लरी : पूरक रसायने आणि प्रवाहिता

बारीक दळलेला कोळसा साधारण ६० ते ७० टक्के, बाकी पाणी आणि जेमतेम १ टक्का रसायने, असे हे इंधन पंपाने ढकलता येते आणि फवारून थेट भट्टीत जाळता येते. रसायनांमुळे स्लरी पातळ होते, असे सरसकट म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. पाण्याची श्यानता जवळपास तीच राहते, बदलते ते कणांत अडकलेले पाणी. कोळशाचा पृष्ठभाग बराचसा जलविरोधी असल्याने कणांचे गठ्ठे होतात आणि त्यांच्या पोकळ्यांत पाणी कोंडते. भांड्यात ते असते, पण वाहण्याच्या कामी येत नाही. नॅप्थॅलीन सल्फोनेट-फॉर्मॅल्डिहाइड किंवा कागदाच्या लगद्याच्या कारखान्यांतून मिळणारे लिग्नोसल्फोनेट घातले की रेणूचे जलविरोधी अंग कोळशावर बसते आणि ऋणभारित अंग पाण्याकडे राहते. समान भाराचे कण एकमेकांना लोटतात, गठ्ठे फुटतात, कोंडलेले पाणी सुटते. आपल्या ओळखीच्या रिठ्यातले सॅपोनिनही या कामासाठी ओडिशातील संशोधकांनी तपासले आहे.

मग रसायनांऐवजी पाणीच वाढवले तर? अमेरिकेतील ब्लॅक मेसा पाइपलाइनने १९७० ते २००५ या काळात ॲरिझोनातून नेवाडातील मोहावी वीजकेंद्राला सुमारे ४४० किलोमीटर कोळसा नेला, तो जवळपास निम्म्या पाण्यात. पण तिथे जाळण्यापूर्वी बरेचसे पाणी सेंट्रिफ्यूजने काढावे लागे. स्लरी थेट जाळायची तर प्रत्येक जादा टक्का पाण्याची वाफ करण्यात उष्णता जाते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : रसायन महाग, आणि प्रत्येक कोळशाला वेगळे. लिग्नाइटसारख्या कोळशातील ऑक्सिजनयुक्त गट व सूक्ष्म रंध्रे पाणी धरून ठेवतात. पाण्यात कॅल्शियम असेल तर कणांतले अपकर्षण मंदावते. मात्रा वाढवूनही एका मर्यादेपुढे श्यानता उतरत नाही, कधी उलट चढते. म्हणजे मात्रा कोळसा पाहूनच ठरवावी लागते. रसायन निरुपयोगी आहे, असे त्यातून निघत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. कण पूर्ण सुटे झाले की ते सावकाश तळाशी जातात आणि घट्ट बसतात. गठ्ठ्यांचा गाळ निदान भुसभुशीत असतो. म्हणून झँथन गमासारखा पदार्थ अत्यल्प घालतात : स्थिर असताना तो कणांना तोलून धरतो, पंप सुरू होताच त्याची जाळी मोडते. प्रयोगशाळेत नमुना काही दिवस ठेवून त्यात काचेची कांडी सोडतात. ती स्वतःच्या वजनाने तळाला टेकली नाही, तर पंपावर सुरेख वाहिलेला तो नमुनाही बाद होतो.